कोकण किनाऱ्यावरून आकाश बघायला काय घ्यावं: बायनॉक्युलर की टेलिस्कोप?

गुहागर किंवा वेळणेश्वरच्या पुळणीवर पश्चिमेला शहराचा उजेड नसतोच, नुसता समुद्र (मासेमारी बोटींचे दिवे सोडा). अशा अंधारात 10×50चा (दहा पट मोठं दाखवणारा, 50 मिलिमीटर भिंगांचा) साधा बायनॉक्युलर खूप काही देतो. लक्ष्मीपूजनाची रात्र अमावस्येची. दहाच्या सुमारास देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) उत्तरेकडे उंच असते. नुसत्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा तो धुरकट डाग बायनॉक्युलरमधून लांबट पसरलेला दिसतो. तो प्रकाश तिथून निघाला त्याला सुमारे 25 लाख वर्षं झाली. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेला नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी बघा. सुमारे 17 हजार प्रकाशवर्षांवरचा हा लाखो ताऱ्यांचा गुच्छ लंडनच्या क्षितिजावर कधी येतच नाही, आपल्याकडे मात्र चांगला वर चढतो.

शनीसाठी मात्र टेलिस्कोपच हवा. 50 पट मोठा केला की कडी सुटी दिसतात, आणि पाहुणे हमखास विचारतात, “आत चित्र चिकटवलंय काय हो?” गॅलिलिओने 1610 साली पाहिलेले गुरूचे चार चंद्र दोन्हींतून दिसतात, फक्त बायनॉक्युलर कठड्यावर टेकवायचा, हात थरथरतो.

खरी अडचण हवेची. खारट दमटपणात काचेवर बुरशी धरते, आणि पावसाळ्यात चार महिने टेलिस्कोप सिलिका जेलसकट बंद पेटीत पडून राहतो. म्हणून मी आधी बायनॉक्युलरच घ्यायला सांगेन. टेलिस्कोप घ्यायचाच तर सहा इंची डॉब्सोनियन (जमिनीवरच्या साध्या, भक्कम बैठकीवर फिरणारा आरशाचा टेलिस्कोप) घ्या, डगमगत्या तिपाईवरचा स्वस्त नको.