हापूस, काजू की शेळ्या? गावच्या दोन एकरात काय करू विचारणाऱ्यांसाठी

शिमग्याला, मे महिन्यात कोकणात गावी आलेले चाकरमानी हमखास विचारतात, दोन-अडीच एकर पडून आहे, हापूसची कलमं लावू, काजू लावू की सरळ शेळ्या पाळू? आधी सगळे भाव बघून ठरवायचे, मी म्हणतो आता हवामान बघून ठरवा.

हापूसचं दुखणं असं की वर्षाची कमाई मोजक्या दिवसांवर टांगलेली. पाऊस वेळेवर थांबून जमीन सुकली पाहिजे, मग रात्री १५-१६ अंशांच्या आसपास थंडी पडली पाहिजे, तीही सलग काही दिवस. पाऊस ऑक्टोबरच्या पुढे रेंगाळला की मोहोराच्या जागी पालवी येते. थंडी लांबली तर कणी (बारीक फळं) धरलेल्या मोहोरातच परत मोहोर फुटतो आणि आधीची कणी गळून जाते. गेल्या जानेवारीत धुक्याच्या सकाळी आमच्या बागेत एक फांदी हलवली तर तुडतुडे भुरभुर तोंडावर उडाले, पानं मध सांडल्यासारखी चिकट, आणि थोड्याच दिवसांत त्यावर काजळी धरली, म्हणजे परत फवारणी, परत खर्च. त्यातून वाचलं तर मार्चचं ऊन आहेच, सुपारीएवढ्या कैऱ्या पिवळ्या पडून झाडाखाली सडा. साका, म्हणजे फळाच्या आतला गर खराब होणं, तोही तापलेल्या जमिनीमुळे वाढतो, म्हणून झाडाखाली गवताचं आच्छादन कराच. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा काढणीला आलेला आंबा झाडावरच होता, ते बघितलेला माणूस विसरत नाही.

काजूचा मोहोरही थंडीतच येतो, मळभ-धुक्यात ढेकण्या नावाचा किडा त्याला सुकवतो, त्यामुळे काजूला काही होत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पण काजू एकदम मोहोरत नाही, दोन-तीन महिने टप्प्याटप्प्याने येतो, एक आठवडा वाया गेला तरी पुढचा हाताशी राहतो. आणि मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट म्हणजे काजूची बी वाळवून ठेवता येते, आंबा पिकला की त्या वेळच्या भावात द्यावा लागतो. २०२५ला २५ मेलाच मान्सून देवगडपर्यंत आला, उशिराच्या आंब्याचे हाल झाले, पण ज्यांची बी आधीच वाळून पोत्यात होती ते निवांत होते. वेंगुर्ला ४ किंवा ७ या काजूच्या जातींची कलमं घ्या, एकरी ८० बसतात. वणव्याला मात्र जपा, बागेभोवतीचं गवत जानेवारीतच काढून टाका.

शेळीला मळभाचं काही नाही, पाच महिन्यांत विते, अडल्या वेळी बोकड विकता येतो, हिरवं संपलं तर फणसाचा, उंबराचा पाला चालतो. आपल्या सिंधुदुर्गाची कोकण कन्याळ जात घ्या, ती इथल्या दमट हवेत रुळलेली आहे. खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये, ओल्या जमिनीवर खूर सडतात, जंत होतात, सर्दीने करडं दगावतात. जमिनीपासून दोन-तीन फूट उंच फळ्यांचा माच करा, पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या जीवघेण्या रोगांची लस पावसाआधी टोचून घ्या. गाईचा विचार असेल तर संकरित गाय एप्रिलच्या घामट उकाड्यात धापा टाकते, दूध घटतं, कोकण कपिला ही इथली देशी गाय दूध कमी देते पण तगते, घरापुरती तीच बरी.

मला विचाराल तर दीड एकर काजू आणि दहा शेळ्या. हापूस आठ-दहा झाडं, तीही डिसेंबर ते मे तुम्ही स्वतः गावात राहणार असाल तरच, फोनवरून बाग होत नाही. आणि काजूला कुंपण आधी, कारण कोवळं कलम शेळी एका दुपारी साफ करते. खड्डे मे महिन्यात मारून ठेवा, कलमं पाऊस स्थिरावला की लावा, शेळ्या मात्र दिवाळीनंतरच आणा, म्हणजे पहिल्या पावसाआधी तुमचा हात बसेल आणि त्यांनाही जागेची सवय होईल.