लिपी उकलायची: आधी तारे की आधी तारखा?

साताऱ्यातली माझी भाची प्रकल्पाशी अडून बसलीय: न वाचलेली लिपी ताऱ्यांवरून धरावी की तारखांवरून?

ताऱ्यांची वाट मोहात पाडते, मेहनतही कमी. फिनलंडचे लिपी-अभ्यासक अस्को पार्पोला यांच्या मते सिंधू मुद्रेवरचा मासा म्हणजे द्राविडी ‘मीन’, त्याचाच दुसरा अर्थ तारा. सहा रेघा आणि मासा म्हणजे सहा तारे, म्हणजेच कृत्तिका! पण मुद्रेवर सरासरी पाचच चिन्हं. ताळा कशाशी घालायचा?

तारखांना आकडेमोड लागते, पण चूक लगेच पकडली जाते. मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या, आता जर्मनीत ड्रेस्डेनला असलेल्या पोथीत टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच. शुक्राच्या एका उदयापासून तशाच पुढच्या उदयापर्यंतचे ५८४ दिवस पाचदा घेतले की २९२०, म्हणजे ३६५ दिवसांची नेमकी आठ वर्षं! हा हिशेब जुळला तेव्हा अक्षरं अजून मुकीच होती.

मजकूर लांब आणि आकडेही असतील तर तारखाच घे, बाळा. नुसत्या मुद्रा असतील तर तारे घे, पण अंदाज म्हणूनच मांड.