अंतिम सामना कुठं घ्यावा: घरच्या गर्दीत, रिकाम्या मैदानावर की तिसऱ्या गावात?

समजा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर आणि निपाणीचे संघ फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम फेरीत आलेत. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळापुढे तीन वाटा आहेत: खानापुरात प्रेक्षकांसह, खानापुरातच पण प्रेक्षकांविना, किंवा बेळगावात. पाहुण्यांवर अन्याय नको म्हणून मैदान रिकामं ठेवायचं, असं बैठकीत लगेच ठरतं. त्याआधी गर्दी नेमकं काय करते ते बघा.

जर्मनीची फुटबॉल लीग बुंडेसलीगा कोरोनाच्या खंडानंतर १६ मे २०२० ला प्रेक्षकांविना पुन्हा सुरू झाली. त्या फेरीतल्या ९ सामन्यांत यजमान एकदाच जिंकले, पाहुणे ५ वेळा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०१८-१९ साली यजमानांचे विजय १८१ आणि पाहुण्यांचे १२८ होते. २०२०-२१ मध्ये जवळपास सगळा हंगाम रिकाम्या स्टेडियमवर झाला आणि आकडे १४४ व १५३ असे उलटले. ॲनफिल्ड या घरच्या मैदानावर लीगचे सलग ६८ सामने न हरलेलं लिव्हरपूल तिथंच ओळीनं सहा सामने हरलं.

फक्त यजमानांचा खेळ बदलला, असं मात्र नाही. फरक रेफ्रीच्या शिट्टीतही पडला. रिकाम्या मैदानांवर पाहुण्यांना मिळणारी पिवळी कार्डं घटली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० रेफ्रींना एकाच सामन्यातले टॅकल, म्हणजे समोरच्याकडून चेंडू हिसकावण्याचे प्रयत्न, दाखवले. ज्यांना प्रेक्षकांचा आवाजही ऐकवला, त्यांनी यजमानांविरुद्ध १५.५ टक्के कमी फाऊल दिले.

म्हणजे रिकाम्या खानापुरात रेफ्रीवरचं दडपण जाईल, पण मैदानाची सवय जाणार नाही. तांबड्या कडक मातीवर चेंडू किती उसळतो हे घरच्यांच्या पायाला माहीत असतं. निपाणीकरांना शंभरेक किलोमीटरचा प्रवासही आहेच. शिवाय तिकिटाचं उत्पन्न बुडतं. तीन वाटांपैकी मला हीच सगळ्यात कच्ची वाटते.

बेळगावात मैदानाची सवय दोघांनाही सारखीच कमी. पण ते पूर्ण तटस्थ नाही: खानापूर २६ किलोमीटरवर, निपाणी ७० च्या पुढं. गेटवर मोकळी विक्री केली तर बरीचशी गर्दी खानापूरची होईल. (इंडियन सुपर लीग या फुटबॉल लीगचा २०२०-२१ चा अख्खा हंगाम चोर्ला घाटापलीकडे गोव्यात, प्रेक्षकांविना झाला, तिथंही एफसी गोवा आपल्याच गावात होता.)

तरीही बेळगावच घ्या, प्रेक्षकांसह, पण रेफ्रीला मोकळं ठेवून. तिकिटं निम्मी-निम्मी आधीच दोन्ही गावांत द्या. रेफ्री आणि लाइन्समन दोन्ही तालुक्यांबाहेरचे बोलवा. प्रत्येक लाइन्समन आपल्या बाजूच्या अर्ध्याच रेषेवर धावतो, उरलेली अर्धी मोकळी असते. दोन बाजूंच्या त्या दोन मोकळ्या अर्ध्यांमागे एकेका गावाचे समर्थक बसवा, रेषेपासून किमान पाच मीटरवर दोरी बांधून. लोक हळूहळू दोरीच्या आत सरकतात आणि लाइन्समनच्या कानाशी ओरडतात, ऑफसाइडचे निर्णय तिथंच बिघडतात. म्हणून दोरीवर चार स्वयंसेवक सामना संपेपर्यंत हवेत. आणि जादा वेळ अंदाजानं नको. दुखापत, बदली, गेलेला चेंडू आणणं, यात गेलेला वेळ मैदानाबाहेर बसणाऱ्या चौथ्या पंचानं कागदावर मांडावा आणि ४५ व्या व ९० व्या मिनिटाला तो रेफ्रीला द्यावा.