नाशिकच्या द्राक्षबागेतलं खोटं बुकिंग: पैसे पाठवण्याआधी हे वाचा

जानेवारी ते मार्च हा नाशिकला वाईनच्या द्राक्षांच्या काढणीचा काळ. या दिवसांत गंगापूर धरण, सावरगाव, दिंडोरी या पट्ट्यात शनिवारी खोली मिळणं अवघड असतं. ठाण्याहून सायकलने निघायचं, कसारा घाट चढायचा, रात्री बागेत मुक्काम आणि रविवारी धरणाच्या बाजूला फिरून परत, असा मित्राचा नि माझा बेत होता. मुक्कामाचे पैसे भामट्याने खाल्ले.

आम्ही निवडलेली जागा खरी आहे, मालकही खरे आहेत, त्यांचा यात काहीच दोष नाही. खोटा होता तो ऑनलाइन नकाशावर त्यांच्या नावाखाली दिसणारा फोन नंबर. नकाशावरच्या माहितीत कुणीही बदल सुचवू शकतो. मालकाने ती नोंद स्वतःच्या ताब्यात घेतलेली नसेल, तर भामट्याचा नंबर तिथे सहज खपून जातो.

फोनवरचा माणूस फार अदबीने बोलला. सायकली खोलीत ठेवता येतील का? "ठेवा ना सर." पोचायला अंधार होईल. "गेटवर माणूस उभा करतो." फक्त शनिवारची रात्र हवी आहे. "चालेल की." शाकाहारी जेवण, पहाटेचा चहा, द्राक्षं तुडवायचा कार्यक्रम, सगळ्याला होकार. व्हॉट्सॲपवर फोटो आले ते त्याच जागेचे, पावतीवर लोगोही तोच. माझ्या मते सगळ्यात मोठी खूण इथेच होती. ऐन हंगामात खऱ्या जागेचा माणूस अटी घालतो. दोन रात्री घ्याव्या लागतील म्हणतो, आधारकार्ड मागतो, सायकली व्हरांड्यात लावा म्हणतो. ज्याच्याकडे खोलीच नाही, त्याला कसली अडचण असणार!

आगाऊ ६,५०० रुपये यूपीआयने मागितले. पैसे पाठवताना ॲपवर जागेचं नाव न येता एका व्यक्तीचं नाव आलं. "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे सर." दुसऱ्या दिवशी सायकलींची अनामत म्हणून आणखी ३,००० घेतले, निघताना परत देऊ म्हणाला. खोलीची अनामत ऐकली होती, सायकलींची कधीच नाही.

घाट चढून, इगतपुरी आणि घोटी मागे टाकून बागेच्या गेटवर पोचलो तेव्हा मिट्ट काळोख होता. वहीत आमचं नाव नव्हतं. मालक स्वतः बाहेर आले, चहा दिला, आणि अशीच पावती दाखवणारे पाहुणे आधीही येऊन गेल्याचं सांगितलं. त्यांनीच फोन करून शहरात एक लॉज मिळवून दिलं. गाडीवाला अशा वेळी दुसरीकडे जाऊन शोधू शकतो. दिवसभर पेडल मारून थकलेल्या माणसाला अंधारात पुन्हा हमरस्त्यावर यावं लागतं, आणि मागून ट्रक येत असतात. मला पैशांपेक्षा याचा राग जास्त आहे.

गेटवरूनच आम्ही त्या नंबरवर फोन लावला. त्याने उचलला! "एंट्री राहिली सर, पैसे लगेच परत करतो," म्हणत क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं. मित्राने माझा हात धरला. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

मग १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला. बँकेचं नाव, रक्कम, वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक विचारतात, तो ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पूर्ण तक्रार भरायची. चॅट, पावती, फोटो काहीही पुसू नका. चोराच्या खात्यात पैसे अजून असतील तर बँक ते गोठवू शकते, पण ते तिथे फार वेळ राहत नाहीत, म्हणून फोन लगेच करायचा. आमची अनामत उशिरा दिलेली होती, ती गोठली. आधीची रक्कम पुढच्या खात्यांत गेली होती.

नाशिकला जाणार असाल तर नंबर जागेच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या आणि आगाऊ रक्कम देण्याआधी व्हिडिओ कॉलवर गेट दाखवायला सांगा. मालकांनी नकाशावरचा नंबर दुरुस्त करून घेतला आहे. मागच्या आठवड्यात तोच भामट्याचा नंबर दिंडोरी रस्त्यावरच्या दुसऱ्या एका मुक्कामाच्या नावाखाली दिसला. त्या मालकांना आम्ही कळवलं आहे, आणि तक्रारीतही तो जोडला आहे.