कॉर्नेल : साप्ताहिक 'इरा' की दैनिक 'सन'?

कॉर्नेलच्या विद्यार्थ्यांचं जुनं जगणं शोधायचं तर त्यांच्या 'इरा' आणि 'सन' या दोन पत्रांपैकी कोणतं चाळायचं? न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकात कॉर्नेल विद्यापीठ १८६८ साली सुरू झालं आणि त्याच वर्षी विद्यार्थ्यांचं 'इरा' साप्ताहिकही. विद्यार्थ्यांचंच 'सन' १८८० मध्ये आलं, ते दैनिक म्हणून.

दोघांतला खरा फरक छपाईत होता. अख्खी ओळ एकदम धातूत ओतणारं लायनोटाइप यंत्र १८८६ मध्ये वापरात येईपर्यंत वृत्तपत्राची प्रत्येक ओळ हातानं, एकेक खिळा (एका अक्षराचा धातूचा ठसा) वेचून जुळवावी लागे. छपाई झाली की खिळे पुसून पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. साप्ताहिकाला त्यासाठी दिवस मिळत, दैनिकाला मोजके तास. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे घाईत इंग्रजी छोटे बी-डी, पी-क्यू हमखास एकमेकांच्या खणात पडत आणि पुढच्या अंकात चुका उगवत. म्हणून दैनिकातलं एखादं नाव विचित्र वाटलं, तर आधी हीच अक्षरं बदलून पाहा.

निबंध, कविता, विद्यापीठाच्या धोरणावरचा सविस्तर वाद हवा असेल तर 'इरा' उघडा. कॅम्पसवर रोज काय चाललं होतं, सामने, सभा, सूचना, हे पाहायचं तर 'सन'च. छोट्या सूचना आणि जाहिराती मात्र वगळू नका. विद्यार्थ्यांचं रोजचं जगणं तिथेच सापडतं.