इंटरव्ह्यू क्लिअर झाला म्हणतात आणि मग पैसे मागतात, सावध रहा (नाशिकचा अनुभव)

नाशिकमधे किंवा सिन्नर, दिंडोरी, निफाड साईडला जे कोणी सध्या जॉब शोधताय त्यांच्यासाठी लिहितोय. थोडं लांब होईल पण पूर्ण वाचा, कारण हे लोक अजूनही कॉल करताहेत.

मी डिप्लोमा मेकॅनिकल. अंबडला एका व्हेंडरकडे क्वालिटीला होतो, लाईन इन्स्पेक्शन, कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि पुढे रिन्यू झालंच नाही. मग नेहमीचं सुरू, पोर्टलवर रेझ्युमे टाका, सातपूर अंबडच्या गेटवर सिक्युरिटीकडे बायोडेटा देऊन या, ओळखीच्या ठेकेदाराला फोन करा. इंटरव्ह्यूचे कॉल यायचे पण कुठेच काम होत नव्हतं. एका ठिकाणी एमएसए वर (म्हणजे मोजमापाची पद्धत भरवशाची आहे का ते तपासणं) प्रश्न आला, गेज आर अँड आर (तेच माप परत घेतलं किंवा दुसऱ्याने घेतलं तर पडणारा फरक, टक्क्यात) किती आला तर गेज वापरायचं आणि किती आला तर रिजेक्ट करायचं, मी रोज गेज हातात धरणारा माणूस पण तिथे तोंडातून शब्द फुटेना. दुसऱ्या ठिकाणी सगळं चांगलं झालं, "कळवतो" म्हणाले आणि नंतर फोनच उचलला नाही. घरी मामांचा दर रविवारी फोन, लागलं का रे कुठे.

हे एवढं सांगायचं कारण, फसवणारे नेमके अशाच माणसाला पकडतात. सारखा नकार ऐकून ऐकून कोणीतरी आपल्याला हो म्हणावं एवढंच वाटत असतं आणि ते बरोबर तेच विकतात.

एका दुपारी एका मॅडमचा कॉल आला. स्वच्छ मराठी, एकदम अदबीने, "सर तुमचं प्रोफाईल शॉर्टलिस्ट झालंय". माझे डिप्लोमाचे टक्के, आधीची कंपनी, किती पगाराची अपेक्षा, सगळं त्यांना माहीत. (हे सगळं रेझ्युमेवर असतं आणि रेझ्युमे आपण पन्नास ठिकाणी दिलेला असतो, त्यामुळे समोरच्याला आपली माहिती आहे याला काडीचा अर्थ नाही.) सातपूरच्या एका मोठ्या कंपनीचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, त्या कंपनीचा याच्याशी काही संबंध नाही, फक्त नाव वापरलं होतं. रजिस्ट्रेशनचे १,१५० रुपये भरले आणि दुसऱ्या दिवशी गूगल मीटवर इंटरव्ह्यू.

हा इंटरव्ह्यू नीट सांगतो कारण ओळखायची खूण इथेच आहे. समोरच्याचा कॅमेरा बंद. टेल मी अबाउट युवरसेल्फ, स्ट्रेंथ काय, नाईट शिफ्ट चालेल का, बास. क्वालिटी इन्स्पेक्टरच्या पोस्टला एकही टेक्निकल प्रश्न नाही, ड्रॉइंग नाही, व्हर्निअरचा लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) किती हे सुद्धा नाही. आणि मधेमधे कौतुक, "तुमच्यासारखे कॅंडिडेट आम्हाला मिळत नाहीत". तिथल्या तिथे सिलेक्शन. ज्यांना खरंच माणूस घ्यायचाय ते असं करत नाहीत हो, त्यांना उद्या तुमच्या हातात लाईन द्यायची असते, ते चार प्रश्नांत घाम काढतात.

मग व्हॉट्सअपवर ऑफर लेटर. वर कंपनीचा लोगो, जरा पुसट, खाली गोल शिक्का, पगार माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त. मग मेडिकल, गेटपास आणि युनिफॉर्मचे ४,९००. मग सिक्युरिटी डिपॉझिट १२,५००, पहिल्या पगारात परत मिळणार म्हणे. प्रत्येक वेळी यूपीआय नंबर वेगळा आणि समोर नाव तिसऱ्याच माणसाचं, विचारलं तर "ते आमचे अकाउंट्सचे सर आहेत". आणि घाई, आज पाचच्या आत झालं नाही तर वेटिंगवाल्याला सीट जाईल. डिपॉझिटचे पैसे आईच्या भिशीतले होते. याचा राग अजून जात नाही माझा, आणि जाऊ पण नये.

जॉइनिंगच्या दिवशी गेटवर गेलो. सिक्युरिटीवाल्या काकांनी लेटर हातात घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता आत फोन लावला. तेवढ्यात निफाडचा एक पोरगा आला, सेम फाईल, सेम लेटर. आम्ही दोघांनी लेटरं शेजारी धरली तर रेफरन्स नंबर पण एकच, फक्त नाव बदललेलं. एचआरचे साहेब स्वतः बाहेर आले, चांगला माणूस, त्यांनी लेटर समोर धरून काय काय खोटं आहे ते दाखवलं. मेल आयडी साधा जीमेलचा. पगाराच्या तक्त्यात पीएफची ओळच नाही. आणि सीआयएन नाही. कंपनी कायद्याप्रमाणे लेटरहेडवर रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता आणि सीआयएन, म्हणजे कंपनीचा २१ अक्षर-आकड्यांचा नंबर, छापावा लागतो. कंपनीचं नाव आणि हा नंबर एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) सरकारी वेबसाईटवर जुळतो का ते बघता येतं. अर्थात खऱ्या कंपनीचा नंबर कोणीही कॉपी करू शकतो, म्हणून कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवरून लँडलाईन नंबर काढून फोन करा, लेटरवर छापलेल्या नंबरवर नाही.

मॅडमचा नंबर तोपर्यंत बंद.

तिथूनच मी १९३० ला फोन लावला. ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन आहे, पैसे गेले की पहिलं काम हेच, कारण पैसे समोरच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत कळवलं तर बँक ते होल्ड करू शकते. प्रत्येक ट्रान्झॅक्शनचा यूटीआर नंबर (यूपीआय ॲपमधे त्या पेमेंटच्या डिटेल्समधे दिसतो), तारीख, रक्कम आणि ज्या यूपीआय आयडीला पैसे गेले तो, एवढं हाताशी ठेवा. नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर पण तक्रार टाकली, मग शहरातल्या सायबर पोलिसांकडे गेलो. चॅट डिलीट करू नका, कॉल लॉगचे स्क्रीनशॉट काढा. फसवणुकीला पूर्वी चारशेवीस लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१८ झालंय. शेवटचे १२,५०० एका खात्यात होल्ड झालेत, अजून हातात आले नाहीत. आधीचे पुढे निघून गेलेत.

इथे अजून एक सापळा आहे. काही दिवसांनी वेगळ्याच माणसाचा कॉल, "तुमची केस आमच्याकडे आलीय, पैसे रिकव्हर करून देतो, फाईल चार्ज भरा". ज्याचे एकदा गेले त्याच्याकडूनच अजून पैसे काढायचा धंदा आहे हा, फोन ठेवून द्या सरळ. त्या निफाडच्या पोराला तर सॅलरी अकाउंट म्हणून नवीन खातं उघडून एटीएम कार्ड आणि सिम कुरियर करायला सांगितलं होतं. तसं अजिबात करू नका, दुसऱ्यांचे लुटलेले पैसे त्या खात्यातून फिरवतात आणि पोलीस येतात तुमच्या दारात. आधार पॅन पाठवलं असेल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि क्रेडिट रिपोर्ट काढून बघा आपल्या नावावर कुठलं लोन निघालंय का, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

नंतर बरेच दिवस कुठला कॉल उचलायची इच्छाच नव्हती, खरा कॉल पण खोटा वाटायचा. मग जुन्या कंपनीतला एक सिनियर, आम्ही दादा म्हणतो त्याला, तो रोज संध्याकाळी सिडकोत त्याच्या घरी बसवून माझा इंटरव्ह्यू घ्यायला लागला. जिथे जिथे अडकलो होतो ते सगळे प्रश्न वहीत लिहिले आणि उत्तरं पाठ न करता माझ्याच कामातल्या उदाहरणावर बसवली. गेज आर अँड आर १० टक्क्यांच्या आत असेल तर चांगला, १० ते ३० मधे असेल तर काम किती क्रिटिकल आहे त्यावर, ३० च्या वर गेला तर ती मापनपद्धत चालणार नाही, हे आता झोपेत विचारा. दादाने अजून एक सांगितलं, इंग्लिश अडलं तर थांबू नको, मराठीत पूर्ण कर, शॉप फ्लोअरला बोलणं शेवटी मराठीतच आहे.

पुढे अंबडलाच एका छोट्या कंपनीत इंटरव्ह्यू झाला. साहेबांनी टेबलावर एक शाफ्ट आणि मायक्रोमीटर ठेवला, म्हणाले डायमीटर सांग. मी आधी मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं पुसली, बंद करून झिरो एरर बघितला, मग तीन ठिकाणी रीडिंग घेतलं. ते रीडिंगकडे बघतच नव्हते, माझ्या हातांकडे बघत होते. मग कस्टमर कम्प्लेंट आली तर काय करशील यावर बराच वेळ उलटसुलट विचारत राहिले, कौतुकाचा एक शब्द नाही. पैशाचा विषय निघाला तो फक्त माझ्या पगाराचा. लागलो तिथे.

खरी कंपनी नोकरी द्यायला कॅंडिडेटकडून डिपॉझिट घेत नाही. केंद्र सरकारच्या एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) पोर्टलवर आणि राज्य सरकारच्या महास्वयंमवर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, तिथे टाका.

आणि माझ्यासारखंच लेटर ज्यांच्याकडे आहे, रक्कम लहान आहे म्हणून किंवा घरी कळेल म्हणून गप्प बसलाय, त्यांनी १९३० ला तक्रार करा प्लीज. वेगवेगळ्या तक्रारींमधे तोच मोबाईल नंबर, तेच खातं आलं की पोलिसांना धागा जोडता येतो. तो निफाडचा पोरगा आणि मी दोघांनी केलीय, तुमची पण जाऊ द्या.