ऑइल प्रेशरचं मीटर: वायरचं की नळीचं?

ॲम्बेसेडरचं इंजिन बांधून झालं. क्रँक ग्राइंड केलेला, बेअरिंग नवीन, ऑइल पंपही नवा. डॅशबोर्डखाली मी इलेक्ट्रिक मीटर लावलं, कारण ते सोपं पडतं: ब्लॉकवर सेंडर (तेलाचा दाब मोजून वायरीने मीटरला कळवणारा सुटा भाग), एक वायर, झालं काम. नळीच्या मीटरला मात्र इंजिनातलं तेलच बारीक नळीने डॅशबोर्डपर्यंत आणावं लागतं. गरम तेलाची नळी पायाजवळ आणायला जे नको म्हणतात, त्यांचं म्हणणं मला आजही पटतं.

मे महिन्यात संध्याकाळी बुटीबोरीहून परत येताना व्हरायटी चौकात सिग्नलला थांबलो, तर काटा शून्याला टेकला. वर्धा रोडवर तोच काटा 50 पौंडांवर (psi, दर चौरस इंचाला पौंड) होता. नागपूरच्या उन्हात तेल पातळ होतं, आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, पंपही हळू फिरतो, त्यामुळे प्रेशर उतरणारच. पण इतकं? दुसऱ्या दिवशी चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, उतरवलं. बेअरिंगचा क्लिअरन्स बरोबर, पंप बरोबर, जाळी स्वच्छ. दोन दिवस गेले, पॅकिंग गेलं, आणि रोग सापडला नाही.

मग एकदा गॅरेजमध्ये उभ्या गाडीचे हेडलाइट लावले आणि काटा खाली आला. बंद केले, वर गेला. डायनामोची जुनी गाडी आयडलला धड चार्ज करत नाही. व्होल्टेज पडतं, आणि माझं साधं मीटर तेही प्रेशर पडल्यासारखंच दाखवतं. गरम इंजिन, आयडल, रात्रीचे दिवे: ज्या वेळी आकडा खरा हवा, नेमका तेव्हाच तो भरवशाचा नाही. मला हेच खुपलं. शिवाय सेंडरला अर्थिंग (विजेचा परतीचा रस्ता) त्याच्या आट्यांतूनच मिळतं. तिथे टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळली की आणखी घोळ.

मिस्त्री म्हणाले, "भाऊ, पह्यले नळीचं मीटर लावून पाहा, मंग चेंबर खोला." त्यांचंच मीटर सेंडरच्या जागी जोडलं. गरम आयडलला 18 पौंड, रेस केल्यावर 50. हेडलाइट लावले, काटा हलला नाही. हजार आरपीएमला 10 पौंड हा जुना हिशेब धरला, तर इंजिन ठणठणीत.

महागडी इलेक्ट्रिक मीटरं व्होल्टेजला इतकी बधत नसतील, आणि ज्याला फक्त रोजची नजर ठेवायची आहे त्याला ती चालतीलही. पण नव्या बांधलेल्या इंजिनावर शंका आली, तर मी तरी नळीच्या मीटरशिवाय पाना हातात घेणार नाही. त्यावरही प्रेशर कमीच आलं, तर आधी ब्लॉकच्या मागच्या मोठ्या नटाखालचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) काढून पाहावा. बांधताना राहिलेला कचरा तिथे अडकतो, आणि चेंबर न उतरवता तो निघतो. गॅलरीचा (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेचा) प्लग, बेअरिंग हे त्यानंतर.

माझ्या गाडीत आता नळीचंच मीटर कायमचं आहे. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट, आणि थरथरीने तांबं तुटू नये म्हणून इंजिनच्या बाजूला नळीला तीन वेटोळी. दर ऑइल बदलाला जोडावरून बोट फिरवतो. अजून कोरडं लागतं.